पेंटॅक्स ६७ वर लँडस्केप: फिल्टर कोणते घ्यावेत आणि एक्स्पोजर कसं धरावं

तुमच्याकडे पेंटॅक्स ६७ हा ६×७ चौकटीचा मिडियम फॉरमॅट फिल्म कॅमेरा आहे, ४५, १०५ आणि १६५ मिमी अशा तीन लेन्स आहेत. बहुतेक काम कृष्णधवल निगेटिव्हवर, अधूनमधून स्लाइड फिल्म. तुम्ही विचारलंय की फिल्टरचा तयार संच घ्यावा का, प्रत्येक लेन्ससाठी वेगळा फिल्टर लागेल का, आणि फिल्टर लावल्यावर एक्स्पोजर नेमकं किती वाढवायचं. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधी एक प्रश्न येतो. समोरच्या दृश्यातली कोणती गोष्ट फिल्मवर एकदा हरवली की डार्करूममध्ये किंवा स्कॅननंतर परत मिळत नाही? फिल्टर फक्त तेवढ्यासाठीच घ्यायचा. नाहीतर बॅग जड होते आणि लेन्ससमोर विनाकारण काच वाढते.

अशा न परतणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. कृष्णधवल फिल्मवर निळं आकाश आणि पांढरा ढग जवळजवळ एकाच राखाडी छटेत येऊ शकतात. पॅनक्रोमॅटिक (सगळे रंग टिपणारी) फिल्म निळ्या प्रकाशाला आपल्या डोळ्यापेक्षा जास्त संवेदनशील असते, म्हणून आकाश डोळ्याला दिसतं त्याहून फिकं उतरतं. एकदा दोन रंग एका छटेत मिसळले की प्रिंटमध्ये ते वेगळे करायला काही उरत नाही. त्यासाठी रंगीत फिल्टर. स्लाइडवर जमीन नीट धरली की आकाश कोरं होतं, त्यासाठी ग्रॅज्युएटेड एनडी (रंग न बदलता फक्त प्रकाश कमी करणारी राखाडी काच, वर गडद आणि खाली पारदर्शक), म्हणजे आपण ज्याला नुसतं ग्रॅड म्हणतो तो. आणि पाण्यावरची, ओल्या खडकावरची, पानांवरची चमक कुठल्याही फिल्मवर नंतर काढता येत नाही, त्यासाठी पोलरायझर, म्हणजे फिरवून चमक कमी करता येणारा फिल्टर. तयार संचात बहुधा यातलं एखादंच कामाचं निघतं, बाकीचे सनसेट, तंबाखू रंगाचे ग्रॅड, सॉफ्ट फोकस वगैरे पडून राहतात. संच घेऊ नका.

यूव्ही आणि स्कायलाइट फिल्टरबद्दल थोडक्यात सांगतो. आजच्या मल्टिकोटेड, अनेक काचांच्या लेन्समधून अतिनील किरण फारसे पार होतच नाहीत. समुद्राचे तुषार किंवा उडती वाळू असेल तर संरक्षण म्हणून लावा, एरवी काढून ठेवा. सूर्य चौकटीच्या जवळ असताना तो जादा सपाट काचेचा पृष्ठभाग भुताटकी डाग देतो.

आता आकाराचा प्रश्न. तुमच्या ४५ मिमी एफ/४ ची फिल्टर थ्रेड ८२ मिमी आहे, १०५ मिमी एफ/२.४ आणि १६५ मिमी एफ/२.८ या दोन्हींची ६७. सगळे फिल्टर ८२ मध्येच घ्या आणि ६७ वरून ८२ वर नेणारी एक चांगली स्टेप-अप रिंग घ्या. उलट कधीच करू नका: ८२ च्या लेन्सवर लहान फिल्टर बसवला की कोपरे कापलेच. रिंग शक्यतो पितळेची घ्या, कारण ॲल्युमिनियमची रिंग ॲल्युमिनियमच्या थ्रेडवर लवकर अडकते. या मार्गात एक खरी गैरसोय आहे. रिंग लावल्यावर १०५ आणि १६५ चं मूळ हूड बसत नाही. हूडशिवाय ८२ मिमीच्या सपाट काचेवर बाजूचा प्रकाश सहज पडतो. मी अशा वेळी ट्रायपॉडशेजारी उभं राहून पुठ्ठ्याची किंवा हाताची सावली फिल्टरवर धरतो आणि ती चौकटीत येत नाही ना, हे प्रिझममधून, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून, आधी पाहून घेतो. पेंटॅक्सचं व्ह्यूफाइंडर पूर्ण चौकट दाखवत नाही, म्हणून सावली दिसते त्या कडेपासून आणखी थोडी बाहेर ठेवायची.

कोपरे कापले जातात का, हे ४५ वर तपासायला एक सोपी रीत आहे. ६×७ च्या चौकटीचा कर्ण सुमारे ८९ मिमी, त्याचा अर्धा ४४.५. म्हणजे ४५ मिमी लेन्सला कोपऱ्याचा प्रकाश अक्षापासून जवळजवळ ४५ अंशांतून येतो. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, ऑटो-मॅन्युअलचा खटका मॅन्युअलवर ठेवा, ॲपर्चर एफ/२२ करा, फोकस अनंतावर. लेन्सच्या मागे पांढरा कागद धरा आणि पुढून ४५ अंशांच्या कोनातून आत बघा. ॲपर्चरचं उजळ भोक पूर्ण दिसत असेल तर तो फिल्टर चालेल. फिल्टरच्या कडेने भोक कापलेलं दिसलं तर कोपरा काळा येणार. ही चाचणी लहान ॲपर्चरवरच करायची. मोठ्या ॲपर्चरला कापलेला भाग मऊ, हळूहळू गडद होणारा असतो आणि नजरेतून निसटतो. एफ/२२ ला तोच भाग टोकदार काळा कोपरा होऊन येतो. ४५ वर एकावर एक दोन जाड फिल्टर चढवण्याआधी हे नक्की करा.

रंगीत फिल्टरपैकी माझी पहिली पसंती २१ नंबरच्या नारिंगीला आहे. ८ नंबरचा पिवळा आकाश डोळ्याला दिसतं त्याच्या जवळ आणतो, बस तेवढंच, आणि जंगल-झुडुपांच्या दृश्यात तेवढंच हवं असतं. २५ नंबरचा लाल नाट्यमय आकाश देतो खरा, पण हिरवळ काळवंडवतो आणि सावल्या रिकाम्या करतो. नारिंगी मधला आहे: ढग नीट सुटे होतात, लांबच्या डोंगरावरचा निळसर विरळपणा कमी होतो आणि झाडांत तपशील शिल्लक राहतो. हिरवं फार असेल तर ११ नंबरचा पिवळा-हिरवा बघा. तो पानं उजळ ठेवतो आणि आकाशही थोडं खाली आणतो.

इथे दोन मर्यादा समजून घ्या. फिल्टर फक्त निळं आकाशच गडद करतो. ढगाळ, पांढुरक्या आकाशावर लाल फिल्टर लावला तरी ते पांढरंच राहतं. क्षितिजाजवळचं आणि सूर्याजवळचं आकाश मुळातच फिकं असतं, तिथेही फार फरक पडत नाही. दुसरी मर्यादा हवेतल्या विरळ धुरकटपणाची. हवेतल्या अतिसूक्ष्म कणांमुळे निळा प्रकाश लालपेक्षा खूप जास्त विखुरतो, म्हणून नारिंगी किंवा लाल फिल्टर लांबच्या रांगा स्पष्ट करतो. धुक्याचे थेंब मात्र आकाराने मोठे असतात आणि सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, त्यामुळे धुक्यातून कुठलाच रंगीत फिल्टर पलीकडे नेत नाही.

एक्स्पोजरचं गणित कागदावर सोपं आहे. फिल्टर फॅक्टर म्हणजे एक्स्पोजर किती पट करायचं तो आकडा, आणि १ स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. फॅक्टर २ म्हणजे १ स्टॉप, ४ म्हणजे २, ८ म्हणजे ३. दिवसाच्या प्रकाशात ८ नंबरला सुमारे १ स्टॉप, ११ ला २, २१ ला साधारण २, २५ ला ३. फिल्टर एकावर एक असतील तर फॅक्टरचा गुणाकार होतो, स्टॉपची बेरीज होते. पोलरायझरचे १⅓ ते २ स्टॉप धरा. समजा एफपी४ प्लस (इल्फोर्डची कृष्णधवल फिल्म) आयएसओ १२५ ला, उन्हात १/१२५ आणि एफ/१६. २५ नंबर आणि पोलरायझर मिळून ५ स्टॉप, म्हणजे एफ/१६ वर १/४ सेकंद.

हा १/४ सेकंद लक्षात ठेवा, कारण पेंटॅक्स ६७ वर तो धोक्याचा आहे. आरसा मोठा, शटरचा पडदा मोठा, आणि साधारण १/३० ते १/२ या पट्ट्यात त्यांचा हादरा ट्रायपॉडवरही तीक्ष्णता खातो. १६५ वर ते जास्त दिसतं. फिल्टरमुळे तुम्ही नेमके याच पट्ट्यात येता. आरसा वर अडकवण्याची सोय असलेली बॉडी असेल तर प्रत्येक वेळी वापरा, सोबत केबल रिलीज, आणि आरसा वर केल्यावर फार वेळ थांबू नका, कारण आरसा वर धरायला बॅटरी खर्च होते. तुमची बॉडी त्या सोयीआधीची असेल तर हलका फिल्टर निवडून वेग १/१२५ जवळ ठेवा, नाहीतर उलट दिशेने जाऊन एक-दोन सेकंदांपलीकडे न्या.

कागदावरचं गणित फील्डवर चुकतं ते मुख्यतः सावलीत, आणि हा भाग सविस्तर सांगायला हवा. फिल्टर फॅक्टर उन्हाच्या पांढऱ्या प्रकाशासाठी दिलेला असतो. निरभ्र दिवशी सावलीत पडणारा प्रकाश मात्र निळ्या आकाशाकडून येतो. लाल फिल्टर निळं अडवतो, म्हणजे उन्हातल्या खडकाचे ३ स्टॉप जात असतील तर सावलीतल्या खडकाचे त्याहून जास्त जातात. मग ३ स्टॉप वाढवूनही निगेटिव्हवर सावली रिकामी येते आणि दोष फिल्मला किंवा डेव्हलपरला दिला जातो.

माझी रीत अशी आहे. फिल्टरशिवाय, हातातल्या स्पॉट मीटरने (दृश्याचा लहानसा भागच मोजणारा प्रकाशमापक), ज्या सावलीत पोत हवा आहे ती मोजायची. समजा एफ/१६ ला १/४ आलं. ती सावली झोन तीनवर, म्हणजे मीटर धरतो त्या मधल्या राखाडीहून गडद पण पोत दिसेल अशी, ठेवायची म्हणजे २ स्टॉप कमी, १/१५. २५ नंबरचे ३ स्टॉप जोडले की १/२. सावली उघड्या निळ्या आकाशाखालची असेल तर आणखी १ स्टॉप, म्हणजे १ सेकंद. नारिंगीला हा जादा हिशेब अर्धा स्टॉप पुरतो, पिवळ्याला लागत नाही. ढगाळ दिवशी सावलीही तटस्थ रंगाची असते, तेव्हा काहीच जोडायचं नाही. जादा दिलेल्या स्टॉपमुळे उजळ भाग घट्ट होतात. त्यासाठी डेव्हलपमेंट दहा-पंधरा टक्के कमी करणं मला बरं वाटतं, विशेषतः पूर्ण रोल एकाच उन्हात काढला असेल तर.

प्रिझममधल्या मीटरवर फिल्टर लावून रीडिंग घेऊ नये का? पिवळ्या फिल्टरला आणि पोलरायझरला चालतं. गडद नारिंगी आणि लालला नको. मीटरच्या सेलची रंगसंवेदना आणि फिल्मची रंगसंवेदना सारखी नसते. लाल प्रकाशाला सेल जास्त प्रतिसाद देत असेल तर मीटरला प्रकाश पुरेसा वाटतो आणि निगेटिव्ह पातळ येतं. तसंच रचना आणि फोकस फिल्टर लावण्याआधी करा. लाल काचेतून एफ/४ चा ग्राउंड ग्लास इतका मंद होतो की फोकस अंदाजाने होतो. आणि ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म वापरत असाल तर लाल फिल्टर विसराच, तिला लाल दिसतच नाही.

इथपर्यंतचा मथितार्थ: सगळं ८२ मिमीमध्ये, पहिला रंगीत फिल्टर नारिंगी, सावली फिल्टरशिवाय मोजायची, आणि निरभ्र आकाशाखाली फॅक्टरवर थोडं वर द्यायचं.

पोलरायझर आकाश गडद करण्यासाठी घेतला जातो आणि वाइड लेन्सवर तिथेच फसवतो. आकाशाचं ध्रुवीकरण सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात सर्वाधिक असतं. तर्जनी सूर्याकडे धरा, अंगठा काटकोनात ठेवा आणि मनगट फिरवा: अंगठा ज्या रेषेवरून जातो तो हा पट्टा. ४५ मिमी आडव्या चौकटीत सुमारे ७५ अंश बघते, म्हणजे पट्टा मध्ये गडद आणि दोन्ही बाजूंना फिकट, असं आकाश येणारच. म्हणून ४५ वर आकाश मोठं असेल तर मी पोलरायझर लावतच नाही, किंवा अर्धाच फिरवतो. १०५ आणि १६५ वर ही अडचण फारशी येत नाही.

पोलरायझरचं खरं मोल पाण्यात आणि ओल्या पृष्ठभागात आहे, आणि ते ढगाळ दिवशीही मिळतं. पाण्यावरची चमक पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघितली तर जवळजवळ पूर्ण काढता येते. अगदी वरून किंवा अगदी सपाट कोनातून बघितल्यास परिणाम कमी होतो. कॅमेऱ्याची उंची बदलून हे साधता येतं. चमक पूर्ण काढू नका. पाणी निर्जीव, काळं होतं. जास्तीत जास्त परिणामापर्यंत फिरवा आणि मग थोडं मागे या. पावसानंतरच्या पानांवर मात्र पूर्ण फिरवलेला बरा, कारण पांढरी चमक गेली की खालचा हिरवा रंग मोकळा होतो, आणि स्लाइडवर तो फरक मोठा असतो.

लिनियर की सर्क्युलर? हातातल्या मीटरने मोजत असाल तर लिनियर पुरेसा आहे. बॉडीतल्या मीटरवर विसंबणार असाल किंवा हाच फिल्टर पुढे दुसऱ्या कॅमेऱ्यावर जाणार असेल तर सर्क्युलर घ्या, तो सगळीकडे चालतो. रेंजफाइंडर किंवा ट्विन-लेन्स वापरणाऱ्यांनी फिल्टर डोळ्यासमोर धरून फिरवावा, कडेवरची खूण किंवा अंक वर कुठे आला ते बघावं आणि लेन्सवर तसाच बसवावा.

ग्रॅड तुम्हाला फक्त स्लाइडसाठी लागेल. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये घट्ट आकाश प्रिंट करताना बर्न करून (तेवढ्या भागाला जादा प्रकाश देऊन) आणता येतं आणि तिथे डोंगराच्या कडेची रेषा तुमच्या हातात असते, ग्रॅडची रेषा मात्र सरळच असते. स्लाइडसाठी १०० मिमी रुंदीची चौकोनी पट्टी आणि ८२ ची ॲडॉप्टर रिंग असलेला होल्डर घ्या. यापेक्षा लहान होल्डर ४५ वर कोपरे कापण्याची शक्यता मोठी आहे. ४५ वर होल्डरची एकच खाच ठेवा, बाकीच्या उघडून काढता येत असतील तर काढून टाका.

किती स्टॉपचा? जमीन मोजा, आकाश मोजा, फरकातून १ स्टॉप वजा करा. जमीन १/८, आकाश १/१२५ म्हणजे ४ स्टॉपचा फरक, तर ३ स्टॉपचा म्हणजे ०.९ चा ग्रॅड. वजा केलेला तो १ स्टॉप आकाशाला जमिनीपेक्षा उजळ ठेवतो, तसं ते निसर्गात असतंच. पाण्यात आकाशाचं प्रतिबिंब असेल तर आणखी जपा: प्रतिबिंब आकाशाहून गडदच असायला हवं. ग्रॅडमुळे आकाश प्रतिबिंबापेक्षा काळं झालं की बघणाऱ्याला का ते कळत नाही, पण चित्र खोटं वाटतं.

ग्रॅड हार्ड (एकदम बदलणारा) की सॉफ्ट (हळूहळू बदलणारा), याचं उत्तर लेन्सवर अवलंबून आहे, आणि इथे मिडियम फॉरमॅटचं गणित छोट्या फॉरमॅटहून वेगळं पडतं. लांबच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश फिल्टरच्या जितक्या भागातून जातो, त्या भागाचा व्यास म्हणजे ॲपर्चरचा दिसणारा व्यास. ४५ मिमी एफ/१६ ला तो २.८ मिमी, १६५ मिमी एफ/१६ ला तो १०.३ मिमी. शिवाय १६५ चं अरुंद दृश्य फिल्टरचा लहानसाच भाग वापरतं. म्हणून हार्ड ग्रॅडची रेषाही १६५ वर पसरट होते, आणि सॉफ्ट ग्रॅड तिथे साध्या एनडीसारखा सगळीकडे गडद करून मोकळा होतो. उलट ४५ वर हार्ड ग्रॅडची रेषा डोंगरमाथ्यावर उघडी पडते. तेव्हा ४५ साठी ०.६ चा सॉफ्ट, १०५ आणि १६५ साठी ०.९ चा हार्ड. एकच घ्यायचा असेल तर ०.६ सॉफ्ट.

ग्रॅड बसवताना लेन्सचा खटका मॅन्युअलवर करून ॲपर्चर प्रत्यक्ष बंद करा. ४५ एफ/४ ला ११ मिमी व्यासातून बघते आणि एफ/१६ ला २.८ मधून, त्यामुळे उघड्या लेन्सने बघितलेली रेषा आणि फिल्मवर येणारी रेषा सारखी नसते. बंद ॲपर्चरने चित्र अंधारतं. डोक्यावर काळं कापड घ्या आणि पट्टी हळू वर-खाली हलवत राहा. स्थिर रेषा दिसत नाही, पण हलती लगेच दिसते. पोलरायझर सोबत असेल तर आधी तो फिरवून घ्या, नंतर ग्रॅड लावा.

१० स्टॉपचा एनडी सगळ्यात शेवटी घ्या, खरंच हवा असेल तर. तो लेन्सच्या अगदी जवळच्या खाचेत, फोमची कड लेन्सकडे ठेवून बसवायचा, नाहीतर मागून प्रकाश शिरून धुरकट पट्टा येतो. रचना, फोकस, ग्रॅड, सगळं त्याआधी. १/१५ चं एक्स्पोजर १० स्टॉपने ६८ सेकंद होतं. पण लांब एक्स्पोजरला फिल्मची संवेदना घटते, म्हणून एफपी४ प्लसवर तेवढ्याने भागत नाही: इल्फोर्ड मोजलेल्या वेळाचा १.२६ वा घात घ्यायला सांगते, म्हणजे ६८ चे सुमारे २०४ सेकंद, जवळजवळ साडेतीन मिनिटं. एचपी५ प्लसला हाच घातांक १.३१ आहे. फुजीच्या प्रोव्हिया १००एफ या स्लाइड फिल्मला १२८ सेकंदांपर्यंत दुरुस्ती लागत नाही. वेल्व्हिया ५० ला ४ सेकंदांपासूनच मॅजेन्टा दुरुस्ती आणि जादा एक्स्पोजर सुचवलेलं आहे आणि ६४ सेकंद टाळायला सांगितलेलं आहे, म्हणून लांब एक्स्पोजरसाठी ती निवडूच नका. पेंटॅक्स ६७ मध्ये बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं ठेवणारी सेटिंग) पडदा उघडा धरायलाही बॅटरी जाते. ६ व्होल्टची एक जादा बॅटरी खिशात असू द्या. थंडीत ती शरीराजवळ ठेवा.

फिल्टर थ्रेडमध्ये अडकला तर जोर लावून पिळू नका. बोटांनी दोन बाजूंनी दाबलं की रिंग किंचित लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते. रबराचा सपाट पट्टा कडेभोवती गुंडाळा, तळव्याने सगळीकडून सारखा दाब द्या आणि सावकाश फिरवा. खाऱ्या हवेत काम झालं असेल तर त्याच दिवशी फिल्टर आणि रिंग वेगळे करून गोड्या पाण्याने धुवा आणि कोरडे करून ठेवा. रेझिनच्या ग्रॅडवर कोरडं कापड घासू नका, आधी हवेच्या ब्लोअरने धूळ उडवा आणि मगच ओलसर कापड फिरवा.